गावे एकत्र येऊन रोजगार उभा करताना: हद्द, वर्गणी आणि करार

एखादे गाव एकट्याने रोजगार आणायला निघाले की उद्योगांना जमीन देऊ करणारी पत्रे जातात आणि तरुणांसाठी एखादा प्रशिक्षणवर्ग सुरू होतो. शेजारचे गावही त्याच सुमारास तेच करते. दोन वर्षांनी दोन्हीकडे प्रमाणपत्रे असलेले पण काम नसलेले लोक असतात आणि मधल्या रस्त्यावरचा कारखानदार माणसे मिळत नाहीत म्हणून तक्रार करत असतो. दोन्ही गावांचे चुकते ते एकाच ठिकाणी. माणूस राहतो एका गावात, कामाला जातो दुसऱ्या आणि शिकतो तिसऱ्या. कामाचा बाजार प्रशासनाच्या नकाशावर चालत नाही. म्हणून गावांनी एकत्र यावे आणि आधी हद्द, मग पैसा आणि सगळ्यात शेवटी योजना, हा क्रम पाळावा. बहुतेक ठिकाणी तो नेमका उलटा असतो.

हद्द ठरवणे

परिसरातल्या प्रत्येक नोकरीदात्याकडून एकच यादी मागा: कोणत्या गावातून किती माणसे कामाला येतात. नावे नकोत, फक्त गाव आणि आकडा. त्यातून एक तक्ता करा. आडव्या ओळीत राहण्याचे गाव, उभ्या स्तंभात कामाचे गाव. मग दोन टक्केवारी काढा. परिसरात राहणाऱ्या कमावत्यांपैकी परिसरातच काम करणारे किती, ही पहिली. परिसरातल्या एकूण कामांपैकी स्थानिकांनी भरलेली किती, ही दुसरी. समजा सहा गावांत ४,००० कमावते आहेत आणि त्यांतले ३,१०० आतच काम करतात, तर पहिला आकडा ७७.५ टक्के. आत एकूण ३,९०० कामे असतील, तर दुसरा ७९.५ टक्के.

ब्रिटनमध्ये कामाच्या प्रवासाची क्षेत्रे याच पद्धतीने आखतात. दोन्ही आकडे किमान ७५ टक्के आणि क्षेत्रात किमान ३,५०० कमावती किंवा काम शोधणारी माणसे, ही तिथली कसोटी. कामकरी लोकसंख्या २५,००० च्या वर असेल तर ६६.७ टक्केही चालतात. तुमचा आकडा खाली राहिला, तर जिकडे सर्वाधिक माणसे बाहेर जातात ते गाव किंवा शहर आत घ्या आणि पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्यांत हद्द स्थिर होते.

नोकरीदात्यांच्या यादीत रोजंदारीवर जाणारे, शेतमजूर आणि स्वयंरोजगार करणारे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक गावात घरांचा नमुना घ्या: यादीतले दर दहावे घर, चार प्रश्न. हे वर्षातून दोनदा करा, एकदा कामाच्या हंगामात आणि एकदा रिकाम्या महिन्यांत. एकाच वेळी मोजले की हद्द हमखास चुकते, कारण हंगामात माणसे गावात असतात आणि नंतर दूर जातात.

सर्वात महागात पडते ती बाजारपेठेचे शहर वगळण्याची चूक. ‘ते मोठे आहेत, आपल्याला गिळतील’ ही भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय मतदानाच्या नियमात आहे, नकाशात नाही. उलट टोकाची चूक म्हणजे अनुदान मिळावे म्हणून वीस-पंचवीस संस्था गोळा करणे. युरोपीय संघाच्या लीडर या ग्रामीण विकासाच्या कार्यक्रमात (हा १९९१ पासून चालू आहे) २०१४ नंतरच्या नियमांत स्थानिक कृती गटासाठी, म्हणजे अशाच संयुक्त गटासाठी, साधारण १०,००० ते १,५०,००० लोकसंख्येची मर्यादा होती. त्याहून लहान गटात प्रशिक्षणाला पुरेशी माणसे जमत नाहीत, मोठ्यात लोक एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडे मोजणी झाली की एक साधी खात्री करा: कोणत्याही सदस्याला बैठकीला यायला तासाभराहून जास्त लागत असेल, तर तो दुसऱ्या वर्षी येणार नाही.

काय आहे आणि कशाची अडचण आहे

परिसराचे बळ कशात आहे हे बघायला स्थान-गुणांक पुरतो. परिसरातल्या एकूण कामांत एखाद्या क्षेत्राचा वाटा काढा आणि त्याला देशातल्या त्याच क्षेत्राच्या वाट्याने भागा. ३,९०० कामांपैकी ४६८ लाकूडकामात असतील तर वाटा १२ टक्के. देशात तो ३ टक्के असेल तर गुणांक ४. एकाहून जास्त म्हणजे परिसर त्या क्षेत्रात देशाच्या मानाने पुढे.

इथे दोनदा फसगत होते. छोट्या परिसरात एकच कारखाना गुणांक वर-खाली करतो, म्हणून तीन वर्षांची सरासरी घ्या. आणि गुणांक मोठा असूनही क्षेत्र बुडत असू शकते. पाच वर्षांत कामे वाढली की घटली आणि सरासरी वेतन किती, हे दोन स्तंभ शेजारी नसतील तर तो आकडा सभेत मांडूच नका. मोठ्या गुणांकाच्या मरणपंथी उद्योगासाठी मुले शिकवली जातात ती यामुळेच.

मग वीस-पंचवीस नोकरीदात्यांना समक्ष भेटा. ‘किती माणसे हवीत?’ हा प्रश्न टाळा. त्याला उत्तर देताना काही खर्च होत नाही, त्यामुळे आकडा फुगवून मिळतो. हे विचारा:

– गेल्या बारा महिन्यांत कोणती जागा ६० दिवसांहून जास्त रिकामी राहिली?
– घेतलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांच्या आत गेले, आणि जाताना काय कारण सांगितले?
– पुढच्या पाच वर्षांत कोणकोणते कारागीर निवृत्त होणार?
– त्या जागेचे वेतन काय, आणि ते लेखी द्याल का?

हेच प्रश्न उलट बाजूने सोडून गेलेल्या कामगारांना विचारा. दोन्ही उत्तरे जुळत नाहीत. मालक म्हणतो कौशल्य नाही, कामगार म्हणतो पहाटेच्या पाळीला बस नाही. रिकाम्या जागेमागे कौशल्याचा अभाव, कमी वेतन, प्रवास, मुलांना सांभाळणारे कोणी नसणे आणि राहायला जागा नसणे, यांपैकी काहीतरी असते. प्रशिक्षण यांतल्या पहिल्यावरच लागू पडते. प्रत्येक रिकाम्या जागेसमोर कारण लिहा आणि ज्यांच्यासमोर ‘कौशल्य’ आहे तेवढ्याच जागा प्रशिक्षणाच्या यादीत घ्या. ही चाळणी लावली की यादी बरीच आखडते. संकोचू नका, छोटी यादीच खरी असते.

टेबलाभोवती कोण

नऊ ते तेरा जण. स्थानिक स्वराज्य संस्था, नोकरीदाते, प्रशिक्षण संस्था आणि कामगार किंवा बचत गटांसारख्या संघटना. लीडरच्या २०१४ नंतरच्या नियमांत निर्णय घेणाऱ्या मंडळात सरकारी संस्थांना किंवा कोणत्याही एका हितगटाला ४९ टक्क्यांहून जास्त मते ठेवता येत नव्हती. हा नियम उचलण्याजोगा आहे. तो नसेल तर सहकार्य एकतर सरकारी बैठक होते किंवा कारखानदारांची संघटना.

मोठे शहर आणि लहान गावे यांच्यासाठी दुहेरी बहुमत ठेवा. नेहमीचे निर्णय साध्या बहुमताने. हद्द, वर्गणी आणि नवा सदस्य या तीन बाबतींत मात्र दोन अटी एकत्र: दोन-तृतीयांश सदस्यांची संमती, आणि संमती देणाऱ्यांची वर्गणी मिळून एकूण वर्गणीच्या निम्म्याहून जास्त. पहिल्या अटीमुळे शहर मनमानी करू शकत नाही, दुसरीमुळे लहान गावे शहराच्या पैशावर ठराव करू शकत नाहीत. अध्यक्षपद दरवर्षी फिरते ठेवा.

बाकी सगळे कमी-जास्त झाले तरी चालते, पण एक पूर्णवेळ समन्वयक हवाच. ‘सगळे मिळून वेळ काढू’ या बोलीवर उभे राहिलेले गट पहिल्या हंगामातच थंड पडतात, कारण कामाच्या दिवसांत कोणाकडेच वेळ नसतो. समन्वयक ज्या संस्थेच्या पटावर असेल तिला त्याबद्दल जादा मत नको. खाते वेगळे, लेखापरीक्षण वेगळे. आणि त्याचा पहिल्या तीन वर्षांचा पगार सदस्यांच्या वर्गणीतून निघाला पाहिजे, अनुदानातून नाही. अनुदानावर ठेवलेला माणूस अर्धा वेळ पुढचे अनुदान शोधण्यात घालवतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

वर्गणी आणि नफ्याची वाटणी

समान वर्गणी लहान गावांना झेपत नाही. केवळ लोकसंख्येवर ठेवली तर शहर मालक होते. निम्मी समान, निम्मी लोकसंख्येप्रमाणे, ही रीत चालते. आठ सदस्य आणि एकूण खर्च ८०० एकक धरा. ४०० समान वाटले तर प्रत्येकी ५०. उरलेले ४०० लोकसंख्येवर: ३० टक्के लोकसंख्येच्या शहराचे १२०, म्हणजे एकूण १७०. ३ टक्के लोकसंख्येच्या गावाचे १२, म्हणजे एकूण ६२. लहान गाव ६२ देते म्हणून त्याला बोलण्याचा हक्क वाटतो, हा फायदा हिशेबात दिसत नाही.

वर्गणीवर वाद क्वचितच होतो. खरा वाद उद्योग आल्यावर पेटतो. कारखाना एका गावात बसतो, कर त्याच गावाला जातो. पाणी दुसऱ्याचे, कामगार तिसऱ्याचे आणि अवजड वाहनांनी खचलेला रस्ता चौथ्याचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरासाठी १९७१ मध्ये कायदा करून यावर तोड काढली. त्या वर्षानंतर व्यापारी व औद्योगिक करपात्र मालमत्तेच्या मूल्यात जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग सामाईक साठ्यात जातो आणि सगळ्या गावा-शहरांत वाटला जातो. तीच कल्पना पुढे राज्याच्या उत्तरेकडच्या खाणपट्ट्यातही आली. तुमच्याकडे तसा कायदा नसेल, तरी नव्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा सामाईक निधीत देण्याचा करार करता येतो का, हे आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या उत्पन्नाला हात लावू नका. फक्त वाढीवर बोला. हातात आलेले कोणी सोडत नाही, अजून न आलेले वाटून घ्यायला लोक तयार होतात. म्हणूनच हा करार उद्योग येण्याआधी व्हायला हवा. नाव जाहीर झाल्यावर चर्चा अशक्य.

याच जोडीला पळवापळवीचे कलम घाला. परिसरातलाच उद्योग दुसऱ्या सदस्याकडे जागा विचारायला आला, तर त्या सदस्याने सात दिवसांत समन्वयकाला कळवायचे. स्वस्त जमीन देऊन शेजाऱ्याचा कारखाना आपल्याकडे आणला तर परिसरात एकही नवे काम उभे राहत नाही, उलट सवलतीचा पैसा जातो.

तुकड्यातुकड्यांचे काम जोडून पूर्ण नोकरी

ग्रामीण भागात कामे असतात, पण ती तीन-चार महिन्यांची. फ्रान्समध्ये १९८५ च्या कायद्याने यासाठी नोकरीदात्यांचे गट मान्य केले. गट माणूस कायम कामावर घेतो आणि सदस्यांकडे आळीपाळीने पाठवतो. माणसाला एक मालक, एक पगारपत्रक. मालकांना हव्या तेवढ्याच आठवड्यांचे बिल.

करायचे कसे? प्रत्येक नोकरीदात्याकडून ५२ आठवड्यांचा तक्ता भरून घ्या: कोणत्या आठवड्यात, कोणत्या कामाला, किती तास. सगळे तक्ते एकाखाली एक ठेवले की जोड्या दिसतात. समजा एका माणसाचे वर्षाचे १,८०० पगारी तास. फळबागेच्या प्रतवारीला ७००, पर्यटकांच्या निवासाला ६००, लाकूड कारखान्याला ४००. एकूण १,७००. उरलेले १०० तास प्रशिक्षणाला लावा.

आता दर. तासाचे वेतन १०० एकक आणि विमा, निवृत्तिवेतन, रजा यांचे ३० धरले तर वर्षाचा खर्च २,३४,००० एकक. तो १,७०० बिलपात्र तासांत वाटला की तासाला सुमारे १३८ पडतात. व्यवस्थापनाचे ८ टक्के धरले तर १४९. रिकामे तास १०० ऐवजी ३०० झाले, तर हाच दर १६८ च्या वर जातो. गट मोडतात ते इथे. दर वाढला की एक सदस्य बाहेर पडतो, त्याचे तासही रिकामे होतात आणि दर आणखी चढतो. म्हणून प्रत्येक सदस्याने वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेल्या तासांपैकी किमान ८० टक्क्यांचे बिल भरायचे, काम घेतले असो वा नसो, हे कलम आधीच हवे.

फ्रेंच व्यवस्थेत कामगारांचे पगार आणि सामाजिक सुरक्षेची देणी यांना सगळे सदस्य सामाईक जबाबदार असतात. एक बुडाला तर बाकीच्यांनी भरायचे. ऐकताना हे जड वाटते, पण यामुळेच सदस्य एकमेकांची पत तपासून आत घेतात. प्रत्येकाकडून दोन महिन्यांच्या बिलाइतकी अनामत घ्या. आणि सुरू करण्याआधी आपल्या देशाचा कामगार कायदा वाचा. बऱ्याच ठिकाणी अशा गटाला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचे नियम लागतात आणि परवाना नसेल तर सगळी जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर येते.

चांगल्या कामगाराला एखादा सदस्य कायमचा आपल्याकडे घेईल. ते रोखू नका, माणसाच्या दृष्टीने ती बढतीच आहे. दोन महिन्यांची सूचना आणि प्रशिक्षणाचा खर्च त्या सदस्याने गटाला द्यावा, एवढे पुरे. कामगाराकडून मात्र कसलाही दंड घेऊ नये.

शिकाऊ उमेदवार वाटून घेणे

जर्मनीतल्या दुहेरी पद्धतीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो; अभ्यासक्रम दोन ते साडेतीन वर्षांचा. छोट्या कार्यशाळेला पूर्ण अभ्यासक्रम शिकवता येत नाही, कारण तिच्याकडे सगळी यंत्रे नसतात. तिथे यावर प्रशिक्षण-युतीचा मार्ग आहे. एक मुख्य संस्था करार करते आणि काही भाग शिकवायला उमेदवाराला भागीदारांकडे पाठवते. ऑस्ट्रेलियात याहून वेगळे: सामूहिक प्रशिक्षण संस्था स्वतःच उमेदवाराची मालक होते आणि त्याला यजमान उद्योगांकडे पाठवते. एका मालकाचे काम आटले तर उमेदवार दुसरीकडे जातो, त्याचे शिक्षण अर्धवट तुटत नाही. दुर्बळ, हंगामी उद्योगांच्या भागात मला दुसरी पद्धत जास्त सुरक्षित वाटते. एखादी भक्कम मोठी संस्था असेल तर पहिली स्वस्त पडते.

दोन्हीसाठी कौशल्यांचा तक्ता लागतो. डावीकडे अभ्यासक्रमातली कौशल्ये, वर उद्योगांची नावे, जिथे शिकवता येते तिथे खूण. ज्या ओळीत एकही खूण नाही तेवढेच यंत्र किंवा तेवढाच प्रशिक्षक सामाईक पैशातून आणा. ‘सुसज्ज प्रशिक्षण केंद्र’ बांधण्याच्या मोहाला हा तक्ता चांगला उतारा आहे.

अभ्यासक्रम ठरवताना त्या कामातले निष्णात पाच ते बारा कामगार दोन दिवस एकत्र बसवा आणि त्यांच्याकडून कामाची प्रत्येक पायरी काढून घ्या. डॅकम नावाने ही पद्धत ओळखली जाते. व्यवस्थापकांना या खोलीत बसवू नका. ते काम कसे व्हायला हवे ते सांगतात, कामगार ते कसे होते ते सांगतात. तुकडीचा आकार लेखी जागांवर ठरवा: दहा जागा असतील तर बारा-तेरा जण, तीस नाही. जास्तीचे सतरा जण पुढच्या वेळी तुमच्या कोणत्याच वर्गाला येणार नाहीत आणि इतरांनाही येऊ देणार नाहीत.

बस आणि पाळणाघर

एकत्र येण्याचा पहिला फायदा बहुधा इथेच दिसतो, म्हणून पहिल्या वर्षी हेच हाती घ्या. तीन कारखान्यांच्या पाळ्या सहा, साडेसहा आणि सातला सुरू होत असतील तर एका गाडीला तीन फेऱ्या लागतात. दोघांनी अर्धा तास इकडे-तिकडे केले की एक फेरी पुरते. मार्ग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांहून लांब नको, नाहीतर शेवटच्या थांब्यावरचे लोक गळतात. पाळणाघर कामाच्या ठिकाणी ठेवावे की गावात, यावर मतभेद होतात. पाळी संपल्यावरही अर्धा तास ते उघडे राहते का, हे जास्त महत्त्वाचे.

करारात काय हवे

दोन-तीन पाने पुरेत. हद्द, सदस्य आणि मते, वर्गणीचे सूत्र, समन्वयक कोणाच्या पटावर, सामाईक वस्तू कोणाच्या मालकीच्या, वाढीव उत्पन्नाची वाटणी, पळवापळवीचे कलम, वाद झाल्यास कोणाकडे जायचे. बाहेर पडण्याची सूचना सहा महिन्यांची आणि चालू आर्थिक वर्षाची वर्गणी परत नाही. माहितीबद्दल एक कलम विसरू नका: एखाद्या गावातून एखाद्या कारखान्यात पाचपेक्षा कमी माणसे जात असतील तर तो आकडा बाहेर दाखवायचा नाही, कारण छोट्या गावात तीन म्हटले की नावे लगेच कळतात.

मोजायचे काय

प्रशिक्षित झालेल्यांची संख्या अहवालात सर्वात ठळक असते आणि तिचा उपयोग सर्वात कमी. त्याऐवजी किती जण कामाला लागले, सहा महिन्यांनी किती टिकले, बारा महिन्यांनी किती, आधीचे आणि नंतरचे वेतन, आणि जागा भरायला लागणारे सरासरी दिवस, हे पाच आकडे ठेवा. प्रत्येक आकडा गावनिहाय काढा. एकूण आकडा छान असून सगळी कामे शहरालगतच्या दोन गावांनाच मिळाली असतील, तर लांबच्या गावाचा प्रतिनिधी कागद न बघताही ते ओळखून असतो.

दर तिमाहीच्या बैठकीत आणखी एक नोंद पाहा: स्वतः सदस्य आला की त्याने दुसऱ्याला पाठवले. सलग दोन बैठकांना निम्म्याहून अधिक बदली माणसे आली, तर पुढची बैठक बोलावू नका. समन्वयकाने एकेकाला जाऊन भेटावे आणि कोणत्या खर्चाला त्यांचा विरोध आहे ते विचारावे. विरोध बहुतेक वेळा एखाद्या खर्चालाच असतो, फक्त तो सभेत बोलून दाखवला जात नाही.